द्राक्षबाग, किण्व आणि गंधक

फ्रान्सच्या पूर्व सीमेवर, स्वित्झर्लंडला लागून, ज्युरा नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. त्याच्या पायथ्याशी आर्ब्वा हे लहानसे गाव वसले आहे. सूक्ष्मजीवशास्त्राचा पाया घालणाऱ्या लुई पाश्चरचे बालपण याच गावी गेले. त्याचे वडील येथे कातडी कमावण्याचा धंदा करीत. पुढे पॅरिसमध्ये मोठी कीर्ती लाभल्यावरही पाश्चर सुट्टीच्या दिवसांत आर्ब्वा येथे येत असे. गावाजवळ त्याची स्वतःची एक छोटी द्राक्षबागही होती.

१८७८ च्या उन्हाळ्यात त्याने या बागेत एक विलक्षण प्रयोग केला. द्राक्षाच्या रसाला आंबविणारे किण्व रसातच आपोआप उत्पन्न होते की बाहेरून येते, असा वाद त्या काळी विद्वानांत चालू होता. द्राक्षे अद्याप कच्ची असतानाच पाश्चरने काही वेलींवर काचेची घरे उभारली आणि आतील काही घडांभोवती जंतुविरहित केलेला कापूस गुंडाळला. शरद ऋतूत द्राक्षे पिकली. उघड्यावरील द्राक्षे चुरडून ठेवताच त्यांचा रस लवकरच फसफसू लागला; कापसाखालील द्राक्षांचा रस मात्र गोडच राहिला. यावरून किण्वाचे बीज रसात नसून ते बाहेरून, म्हणजे बागेतून आणि हवेतून, पिकत्या फळावर येऊन बसते, हे सिद्ध झाले.

आर्ब्वापासून अवघ्या काही किलोमीटरांवर प्यूपियँ नावाचे खेडे आहे. पाश्चरच्या प्रयोगानंतर सुमारे एका शतकाने, १९८० च्या दशकात, या खेड्यातील पिएर ओव्हेर्न्वा या शेतकऱ्याने आपल्या द्राक्षमद्यात, म्हणजेच वाइनमध्ये, बाहेरून काहीही न घालण्याचे ठरविले. बाजारातील किण्व नाही, गंधक नाही. केवळ बागेतील द्राक्षे आणि त्यांच्यासोबत आलेले सूक्ष्मजीव. पाश्चरने दाखवून दिलेल्या सत्यावरच हा शेतकरी आपली वर्षाची कमाई पणाला लावीत होता. त्याच्यासारखी कुटुंबे आज फ्रान्स, इटली, ऑस्ट्रिया, जर्मनी, स्पेन अशा अनेक देशांत आढळतात. त्यांचा खटाटोप काय आहे, तो कोठवर शास्त्रीय आहे आणि त्यात जोखीम कोणती, याचा विचार करणे उद्बोधक ठरेल.

रसाचे मद्य कसे होते

पिकलेल्या द्राक्षात ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोन शर्करा असतात. किण्व, अर्थात यीस्ट, हा एकपेशीय सूक्ष्मजीव या शर्करा खातो आणि त्यांचे मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर करतो. एक लिटर रसातील सुमारे १७ ग्रॅम शर्करेपासून एक टक्का मद्यार्क तयार होतो. रस फसफसताना जे बुडबुडे दिसतात, ते याच वायूचे असतात.

हे काम मुख्यत्वे ज्या जातीचे किण्व करते, तिला सॅकरोमायसीज सेरेव्हिसी असे नाव आहे. गमतीची गोष्ट अशी की, न फुटलेल्या निरोगी द्राक्षाच्या सालीवर ही जात फारच थोडी आढळते. तेथे इतर रानटी किण्वांचीच वस्ती अधिक असते. रस काढल्यावर प्रथम ही रानटी किण्वे कामाला लागतात. मद्यार्काचे प्रमाण वाढू लागले की त्यांतील बहुतेक मरतात आणि मद्यार्क सोसणारी सॅकरोमायसीज पुढे सरसावते. मग हिवाळ्यात, जेव्हा वेलीवर ना फळ असते ना पान, तेव्हा ही जात राहते कोठे? २०१२ मध्ये इटलीतील संशोधकांनी या कोड्याचे एक उत्तर प्रसिद्ध केले. गांधीलमाश्यांच्या आतड्यात ही किण्वे हिवाळाभर तग धरून राहतात. माश्या ती आपल्या अळ्यांना भरविलेल्या घासातून पुढच्या पिढीला देतात आणि द्राक्षे पिकली की पुन्हा फळांपर्यंत पोचवितात.

गंधकाचा धूर

किण्वाबरोबरच द्राक्षावर आणखीही पाहुणे येतात. काही जीवाणू मद्यार्काचे ॲसेटिक आम्ल करतात आणि मग पिंपातील मद्याचा शिरका होतो. ब्रेटानोमायसीज नावाचे किण्व वाढले, तर मद्याला घोड्याच्या तबेल्यासारखा वास येतो. आणखी एक दोष तर फारच फसवा असतो. काही सूक्ष्मजीव असे पदार्थ निर्माण करतात की, मद्याच्या आम्लतेमुळे ते पेल्यातून वासास येत नाहीत. परंतु घोट घेतल्यावर लाळेने आम्लता कमी होताच उंदराच्या घाणीसारखी चव तोंडभर पसरते.

या रोगांचे मूळ सूक्ष्मजीवांत आहे, हे पाश्चरनेच १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दाखविले होते. त्यावर त्याने मद्य हलके तापविण्याचा उपाय सुचविला. प्रत्यक्षात मात्र जुनाच उपाय अधिक रुळला, तो म्हणजे गंधक. पिंपात गंधकाची वात जाळण्याची चाल युरोपात कित्येक शतकांची आहे. जळणाऱ्या गंधकापासून निघणारा सल्फर डायऑक्साइड वायू जीवाणूंना मारतो आणि हवेतील प्राणवायूमुळे होणारी नासाडीही रोखतो. विसाव्या शतकात तो मोजून मिसळता येऊ लागला. त्याच शतकाच्या उत्तरार्धात निवडक जातीचे वाळविलेले किण्वही पुड्यांतून मिळू लागले. परिणामी मद्य बिघडण्याचे भय पुष्कळच कमी झाले आणि मोठ्या कारखान्यांना दरवर्षी एकाच चवीचा माल काढणे शक्य झाले.

एक गोष्ट येथे ध्यानात ठेवली पाहिजे. गंधक मुळीच नसलेले द्राक्षमद्य जवळजवळ नसतेच, कारण किण्व स्वतःच थोडे सल्फाइट तयार करते. म्हणूनच ‘गंधकविरहित’ म्हणण्यापेक्षा ‘गंधक न घातलेले’ म्हणणे अधिक बरोबर आहे.

बोझोलेचा रसायनज्ञ

गंधकाशिवाय मद्य करण्याच्या या चळवळीचा आद्य पुरुष कोणी साधुसंन्यासी नव्हता, तर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसणारा एक रसायनज्ञ होता. झ्यूल शोव्हे (१९०७–१९८९) हा बोझोले भागातील मद्यव्यापाऱ्याच्या घराण्यात जन्मला. घरचा धंदा सांभाळीत त्याने किण्वांचा अभ्यास आयुष्यभर केला. पेशींच्या श्वसनावरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळविलेल्या ओट्टो व्हारबुर्ग यांच्याशी त्याचा पत्रव्यवहार होता.

शोव्हेचे म्हणणे थोडक्यात असे होते: गंधक हे पुष्कळदा पूर्वीच्या चुकांवर घातलेले पांघरूण असते. बागेत रसायनांचा मारा केला की सालीवरील किण्वे मरतात. द्राक्षे सडकी निघाली की जीवाणू माजतात. तळघर अस्वच्छ ठेवले की रोग बळावतात. मग या सर्वांवर गंधक हा एकच उतारा उरतो. याउलट बाग निरोगी ठेवली, घड हातांनी खुडले, कुजके मणी वेचून काढले, रस थंड ठेवला आणि रोजच्या रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सूक्ष्मजीवांची गणती केली, तर गंधकावाचून चालू शकते. म्हणजे गंधक सोडायचे असेल, तर त्याच्या जागी अधिक श्रम आणि अधिक दक्षता आली पाहिजे.

१९८१ मध्ये मॉर्गों परिसरातील मार्सेल लापिएर हा तरुण शेतकरी शोव्हेच्या सहवासात आला. १९७३ पासून तो वडिलोपार्जित बाग पाहत होता, पण स्वतःच्याच मद्यावर तो नाखूश होता. शोव्हेच्या शिकवणुकीप्रमाणे त्याने गामे जातीच्या द्राक्षांचे अखंड घड टाकीत भरण्यास आरंभ केला. टाकी कार्बन डायऑक्साइडने भरली की प्राणवायूअभावी न फुटलेल्या मण्याच्या आतच त्याची स्वतःची विकरे थोडा मद्यार्क निर्माण करतात. मग मणी फुटून किण्व उरलेले काम पुरे करते. या पद्धतीत मणी फुटता कामा नयेत. त्यामुळे यंत्राने खुडणी करणे शक्य नसते. माणसांचे हातच लागतात. लापिएरच्या पाठोपाठ त्याचे काही मित्र व शेजारीही याच वाटेने गेले. २०१० मध्ये लापिएरचे निधन झाले, तेव्हा त्याची मुले हे काम पुढे चालविण्यास सिद्ध होती.

वेलीचे शत्रू आणि मोरचूद

तळघरातील प्रश्न असा सुटला, तरी बागेतील प्रश्न उरतोच. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या आपत्तींनी युरोपातील द्राक्षवेलींवर एकामागून एक घाला घातला. प्रथम भुरी आली. मग १८६० च्या दशकात मुळे कुरतडणारी फिलॉक्झेरा नावाची कीड आली आणि अमेरिकन खुंटावर युरोपीय वेलीची कलमे केल्याशिवाय गत्यंतर उरले नाही. पुढे १८७८ च्या सुमारास केवडा रोग पोचला.

केवड्यावरील औषधाचा शोध योगायोगाने लागला. बोर्दो भागात वाटसरूंनी घड तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत असत. त्या वेलींची पाने हिरवीगार राहिलेली पाहून वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे याने प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ‘बोर्दो मिश्रण’ जगापुढे मांडले. महाराष्ट्रातील नाशिक व सांगली भागांतील द्राक्षबागायतदारांनाही केवडा आणि त्यावरील हे मिश्रण चांगलेच परिचित आहे.

सेंद्रिय शेती करणाऱ्यास कृत्रिम बुरशीनाशके वर्ज्य असतात. पण तांबे व गंधक वापरण्यास मुभा असते. येथेच एक अडचण उभी राहते. तांब्याचे विघटन होत नाही. ते वर्षानुवर्षे मातीत साचत जाते आणि गांडुळांना व सूक्ष्मजीवांना अपाय करते. यास्तव युरोपीय संघाने २०१९ पासून दर हेक्टरी सात वर्षांत मिळून २८ किलोग्रॅम, म्हणजे सरासरीने वर्षाला ४ किलोग्रॅम, एवढीच तांब्याची मर्यादा घातली आहे. पावसाळी वर्षात या मर्यादेत पीक वाचविणे ही मोठीच कसोटी असते. निसर्गाच्या जवळ राहू पाहणाऱ्या शेतकऱ्यालाही एका धातूचा आधार सोडता येत नाही, ही वस्तुस्थिती आहे.

शिंगातील खत

जैवगतिक, म्हणजे ‘बायोडायनॅमिक’, शेतीचा उगम १९२४ चा आहे. त्या वर्षीच्या जून महिन्यात ऑस्ट्रियन तत्त्वचिंतक रुडॉल्फ स्टायनर याने कोबरविट्झ येथे शेतीविषयी आठ व्याख्याने दिली. तेव्हा हे गाव जर्मनीत होते. आज ते पोलंडमध्ये आहे. शेत हा एक सजीव देह मानावा, त्यातील जनावरे, पिके व माती यांनी एकमेकांना पोसावे आणि बाहेरून शक्य तितके कमी आणावे, हा त्याच्या विचाराचा गाभा होता. त्याला जोडून त्याने काही विशेष ‘सिद्धके’ सांगितली. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरायचे, वसंतात काढून त्यातील अल्पसा भाग पाण्यात एक तास ढवळायचा आणि ते पाणी शेतात शिंपायचे, हे त्यांपैकी पहिले. आपल्याकडेही काही शेतकरी ते ‘शिंगखत’ या नावाने वापरतात. दुसऱ्यात शिंगामध्ये गारगोटीचे चूर्ण भरतात. पेरणी, छाटणी यांसाठी चंद्र व ग्रहांच्या स्थितीकडेही लक्ष दिले जाते.

ल्वार नदीकाठी साव्हेनिएर येथे ‘कुले द सेराँ’ नावाची सुमारे सात हेक्टरांची एक बाग आहे. बाराव्या शतकात सिस्टर्सियन भिक्षूंनी ती लावली असे सांगतात. या बागेचा वारस निकोला जोली हा बँकेतील नोकरी सोडून १९७० च्या दशकाच्या अखेरीस घरी परतला. प्रथम त्याने तत्कालीन सल्ल्याप्रमाणे तणनाशके वापरली. परंतु थोड्याच वर्षांत मातीचा रंग पालटला आणि बागेतील कीटक व पाखरे ओसरली, असे त्याच्या ध्यानी आले. पुढे त्याने सारी बाग जैवगतिक पद्धतीखाली आणली. तिच्या उतारावर घोड्याने नांगरट होते आणि त्याची कन्या आता त्याच्यासोबत हे काम पाहते.

कसोटीचा दगड

या पद्धतीविषयी विज्ञान काय म्हणते? येथे दोन प्रश्न वेगळे करणे अगत्याचे आहे. कंपोस्ट, आच्छादन पिके, रसायनांचा त्याग यांचा परिणाम काय, हा पहिला प्रश्न. आणि शिंगखतादी सिद्धकांचा व चंद्रकलांचा स्वतंत्र परिणाम काय, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाला बऱ्यापैकी भक्कम उत्तर आहे. स्वित्झर्लंडमधील थेरव्हिल येथे १९७८ पासून नेहमीची, सेंद्रिय व जैवगतिक शेती शेजारशेजारच्या तुकड्यांत करून पाहिली जात आहे. तेथील पिके गहू, बटाटे अशा प्रकारची आहेत. एकवीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. सेंद्रिय व जैवगतिक तुकड्यांत उत्पन्न सुमारे २० टक्क्यांनी कमी आले. परंतु मातीतील जीवसृष्टी अधिक समृद्ध आढळली आणि खतांचा खर्चही पुष्कळ कमी झाला.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास जर्मनीतील गायझेनहाइम येथील प्रयोग उपयोगी पडतो. तेथे २००६ पासून रीसलिंग जातीच्या वेलींवर तुलना चालू आहे. तेथे सेंद्रिय व जैवगतिक या दोन्ही पद्धतींत वेलीची वाढ व उत्पन्न नेहमीच्या पद्धतीपेक्षा कमी आढळले. मात्र सेंद्रिय आणि जैवगतिक यांच्यात फारसा फरक दिसून आला नाही. सिद्धकांचा म्हणून वेगळा असा मोठा परिणाम सिद्ध झालेला नाही.

मग या बागांपैकी कित्येकींचे मद्य जाणकार नावाजतात, ते का? याचे सरळ स्पष्टीकरण असे देता येते की, जो शेतकरी सूर्योदयापूर्वी उठून तासभर पाणी ढवळतो, तो वेलीवेलीपाशी जाऊन पानही निरखतो; रोगाचे पहिले चिन्ह त्याच्या दृष्टीतून सुटत नाही. श्रद्धा आणि निगा एकाच हातून घडतात, तेव्हा फळ कोणाचे, हे ठरविण्यास काटेकोर प्रयोगच लागतो.

बोन येथील खटला

शेतकऱ्याची निष्ठा आणि शेजाऱ्यांचे हित यांत विरोध आला म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण बर्गंडी प्रांतात घडले. ‘सोनेरी पिवळ्या’ म्हणता येईल असा एक असाध्य रोग द्राक्षवेलीला होतो. फ्रेंच भाषेत त्यास फ्लाव्हेसाँस दोरे म्हणतात. त्याचे कारण फायटोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्मजीव असून एक प्रकारचा तुडतुडा तो वेलीवेलीवर पसरवितो. रोगट वेल उपटून नष्ट करणे, एवढाच उपाय उरतो. २०१३ मध्ये कोत दोर जिल्ह्यातील प्रशासनाने सर्व बागायतदारांना या तुडतुड्याविरुद्ध कीटकनाशक फवारण्याचा आदेश दिला. बोन येथील एमानुएल जिबूलो या जैवगतिक शेतकऱ्याने त्यास नकार दिला. आपल्या बागेत हा रोग नाही आणि फवारणीने उपयुक्त कीटकही मरतील, अशी त्याची भूमिका होती.

त्याच्यावर खटला भरण्यात आला. एप्रिल २०१४ मध्ये दिझों येथील न्यायालयाने त्याला एक हजार युरोंचा दंड ठोठावला, त्यातील निम्मा स्थगित ठेवला. डिसेंबर २०१४ मध्ये अपील न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. पण तीही मूळ आदेश नियमानुसार मंजूर झालेला नव्हता, या कारणास्तव. फवारणी योग्य की अयोग्य, या मूळ प्रश्नाचा निवाडा त्यात झाला नाही. दोन्ही बाजूंचे म्हणणे समजण्यासारखे होते. साथीचा रोग कुंपण ओळखत नाही. एकाची बाग गेली तर दहांची जाऊ शकते. तसेच, सरसकट फवारणीऐवजी बागा नीट तपासून जेथे गरज तेथेच ती करावी, ही मागणीही अशास्त्रीय म्हणता येणार नाही.

नावाचा प्रश्न

‘सेंद्रिय’, ‘जैवगतिक’ आणि ‘नैसर्गिक’ हे शब्द बाजारात सर्रास एकत्र वापरले जातात. पण त्यांचे अर्थ भिन्न आहेत. सेंद्रिय मद्याचे नियम युरोपीय संघाने २०१२ मध्ये केले. त्यांनुसार शर्करा अत्यल्प असलेल्या तांबड्या मद्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत एकूण सल्फाइट चालते, तर सामान्य तांबड्या मद्यात ही मर्यादा १५० आहे. जैवगतिक मालासाठी ‘डेमेटर’ यांसारख्या संस्थांचे शिक्के आहेत. ‘नैसर्गिक’ या शब्दाला मात्र दीर्घकाळ कायद्याचा आधारच नव्हता. २०२० मध्ये फ्रान्समधील उत्पादकांच्या संघाने एक सनद तयार केली आणि शासनाने तिला प्रायोगिक मान्यता दिली. सेंद्रिय द्राक्षे, हातांनी खुडणी, बागेतीलच किण्व, इतर काहीही न मिसळणे, आणि गंधक घातलेच तर लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आत, अशा तिच्या अटी आहेत. डिसेंबर २०२३ पासून युरोपीय संघात नव्या द्राक्षमद्यातील घटकांची यादी ग्राहकास उपलब्ध करून देणेही बंधनकारक झाले आहे.

‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. गंधक घातलेले असो वा नसो, मद्यातील मद्यार्क तोच असतो. मद्यार्कयुक्त पेये कर्करोगास कारणीभूत ठरतात, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदविले आहे. या पुस्तिकेचा विषय मद्यपान नसून माती, सूक्ष्मजीव व माणसाचे श्रम यांचे परस्परसंबंध हा आहे.

एका वर्षाचे पीक

मोठ्या कारखान्याला एक टाकी नासली तर दुसरी असते. चार-पाच हेक्टरांवर जगणाऱ्या कुटुंबाला वर्षातून एकच संधी मिळते. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्समध्ये कडाक्याचे दहिवर पडले आणि नुकतेच फुटलेले कोंब रातोरात करपले. ज्युराच्या बागांना त्याचा जबर तडाखा बसला. अशा वर्षी जे थोडे घड हाती येतात, ते गंधकाशिवाय आंबविण्यास मोठेच धैर्य लागते. कित्येक जण येथे मध्यम मार्ग पत्करतात. लापिएर कुटुंबाने दूरच्या प्रवासासाठी किंचित गंधक घातलेल्या आणि मुळीच न घातलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या बाटल्या भरल्या.

प्यूपियँच्या पिएर ओव्हेर्न्वाने २००१ मध्ये आपली बाग एमानुएल उय्यों याच्या हाती सोपविली. तो त्याच्याकडे अगदी पोरवयात काम शिकण्यास आला होता. कोणत्या पिंपाला कान लावायचा, कोणत्या वर्षी थांबायचे, केव्हा चाखायचे, हे ज्ञान पुड्यांतून मिळत नाही; एका माणसाने ते दुसऱ्यास वर्षानुवर्षे सोबत राहून द्यावे लागते. जवळच आर्ब्वा येथे पाश्चरचे घर आज संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे. त्याच्या प्रयोगानंतरही दर शरद ऋतूत या परिसरातील द्राक्षांवर किण्वे येऊन बसतात आणि तळघरातील शेतकरी रसाला पहिला बुडबुडा फुटण्याची वाट पाहत असतो.